सेटचं कपाळ

"काय येत न्हाई यातनं. मेलंय हे," असं म्हणून आण्णांनी कानातलं वायरचं बोंडूक ओढून काढलं आणि अजितच्या पुढ्यात टाकलं.

अजितनं ते आपल्या कानाला लावलं आणि चटका बसावा तसं लगेच काढलं. "येतंय की," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "ताई, आवाज फुल्ल आहे. यापुढं वाढत नाही."

"मग त्यांना सांग."

"तू सांग ना."

हे असंच चालायचं. आण्णांना काही सांगायचं झालं की घरादारानं माझ्याकडे बघायचं. मी उठले, आण्णांच्या उजव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "आवाज येतोय! तुम्हाला ऐकू येत नाही!"

"मला येतंय ऐकू," आण्णा म्हणाले. "यंत्रात दम न्हाई."

यंत्र म्हणजे गाणी ऐकायची चपटी डबी, काड्यापेटीएवढी. अजितच्या मुलीची, ऋतुजाची. त्या वेळी कॉलेजातली पोरं गळ्यात अडकवून हिंडायची, तसली. तिच्यात गाण्यांबरोबर माणसाचं बोलणंही भरून ठेवता यायचं, आणि त्या डबीत माझी आई होती.

आई संक्रांत झाल्यावर उपचारांसाठी पुण्याला अजितकडे गेली ती श्रावणात इचलकरंजीला परत आली, आणि आली ती रुग्णवाहिकेतून, चादरीखाली. जाताना उंबऱ्यात उभी राहून ती आण्णांना म्हणाली होती, "मी येईपर्यंत घर सोडू नका." आण्णांनी स्वतः समजून घेतलेलं तिचं ते शेवटचं बोलणं. पुढचं सगळं त्यांना माझ्या तोंडून मिळालं. आण्णांना फोनवरचं काही कळायचं नाही, म्हणून आई तिकडून बोलायची आणि मी रिसीव्हर कानाला धरून इकडे ओरडायची. जेवलात का विचारतेय! गोळी घेतली का! बरी आहे म्हणतेय! मग आण्णांचं उत्तर परत तिकडे. नवरा-बायकोच्या मध्ये पोरगी बसली की बोलण्यासारखं उरतंय काय? दोघंही जेवण आणि गोळ्यांच्या पुढे कधी सरकली नाहीत.

मी आले होते पंधरा दिवसांसाठी. चिपळूणला माझा नवरा, माझा संसार, माझा शिवणाचा क्लास. शिलाई मशीनवर चादर टाकून आले होते, तिच्यावर एव्हाना किती धूळ बसली असेल याचा विचार करणंही मी सोडून दिलं होतं. आण्णांना एकटं ठेवायची सोय नव्हती. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या नाहीत, दार वाजलेलं कळायचं नाही, एकदा गॅसवर दूध ठेवून ते अंगणात जाऊन बसले होते. आई गेल्यावर अजितनं त्यांना पुण्याला चला म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "घर सोडू नका म्हणून सांगून गेलीय. ती आल्यावर बघू."

"आण्णा, आली की आई," अजित बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं.

हे मात्र आण्णांना बरोबर ऐकू गेलं. "तसं येणं म्हणजे येणं न्हवं," ते म्हणाले. विषय तिथंच मिटला आणि अजित पुण्याला गेला. जाताना मला म्हणाला, "आणखी थोडे दिवस, ताई."

मला घरी जायचं होतं. एवढं साधं होतं ते. पण बाप नुकता एकटा पडलेला आणि पोरगी पिशवी भरतेय, हे तोंडातून निघणार कसं? माझा नवरा, हेमंत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चार घास खायचा आणि कधी येतेस हे न विचारता परत जायचा. त्यानं विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. न विचारता गेल्यावर मात्र मी मोरीत जाऊन तोंड धुवायची.

अशात अजितचा फोन आला. म्हणाला, ऋतुजाच्या डबीत आईचं बोलणं सापडलंय. आण्णांसाठी बोललीय.

"काय बोललीय?"

"मला ऐकवेना, ताई. पहिला शब्द ऐकला आणि बंद केलं. ऋतुजाला विचारलं तर ती काही सांगत नाही. आजीनं शपथ घातलीय म्हणे, आजोबांच्या आधी कुणी ऐकायचं नाही."

हे मी आण्णांना ओरडून सांगितलं तेव्हा ते आपल्या पायांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आणू दे. ती काय सांगंल तसं. र्‍हा म्हणाली तर र्‍हातो, जा म्हणाली तर जातो. पण तिच्या तोंडून. तुमच्या दोघांच्या न्हाई."

म्हणजे माझी सुटका त्या काड्यापेटीत होती आणि ती आण्णांना ऐकू येत नव्हती.

"बघू इकडं," मी म्हटलं आणि ते बोंडूक अजितच्या हातातून घेतलं. खरं सांगते, शपथ आजीनं नातीला घातली होती, मला नाही. मी ते कानाजवळ नेलं तोवर आण्णांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या पकडीत अजून जोर होता.

"आधी मी," ते म्हणाले. "सेटला जोडा."

सेट म्हणजे आण्णांचा जीव की प्राण. आण्णा मागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो ठाकठीक करणारा माणूस. त्या खडखडाटात उभा जन्म गेला आणि कानही तिथंच गेले. पण गाण्याचं वेड अफाट. कोल्हापुरातल्या एका दोस्ताकडून त्यांनी हा सेट जुळवून घेतला होता. लाकडी पेटी, पुढं बटणं, आणि दोन्ही बाजूंना पोत्यासारखे दोन बॉक्स. त्यातली टेप कधीच बंद पडली होती. राहिला होता रेडिओ. आण्णा एका बॉक्सला पाठ लावून बसायचे आणि रेडिओ इतका मोठा लावायचे की मांडणीवरची भांडी थरथरायची. त्यांना कानानं कमी आणि पाठीनं जास्त ऐकू यायचं. कानयंत्र घ्या म्हटलं की ते नको म्हणायचे, माझ्या मते ते याचसाठी. यंत्रातून गाणं पाठीला लागत नाही.

पेटीच्या अगदी मध्यावर एक गोल भोक होतं. बाहेरचं काही जोडायचं झालं तर असावं म्हणून दोस्तानं ठेवलेलं. इतक्या वर्षांत त्याला काहीही जोडलं गेलं नव्हतं.

अजितनं आपली वायर काढली. डबीत जाणारी पिन बारीक होती आणि सेटचं भोक चांगलं बोटाएवढं. "मधे जोड लागेल," असं म्हणून तो बाजारात गेला. त्या दिवशी खंडेनवमी होती. दुकानं अर्धी उघडी, अर्धी पूजेत.

आमच्याकडे यंदा सण नव्हता. वर्ष व्हायचं होतं. पण गल्लीत सगळीकडे माग धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि सकाळीच सगळे बंद केले होते. इचलकरंजीत राहिलेल्या माणसालाच हे कळेल. एरवी मागाचा आवाज इतका कायमचा असतो की तो आहे हे विसरायला होतं, आणि खंडेनवमीला तो थांबला की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. समोरच्या गिरिजाकाकू त्यांच्या स्वयंपाकघरात पळी खाली ठेवत होत्या, ते मला आमच्या पुढच्या सोप्यात ऐकू येत होतं.

आण्णा बॉक्सला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि मुद्दाम सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "चहा घ्या."

त्यांनी मान वर केली नाही. चहा दिसला म्हणून घेतला.

हे मला फार लागायचं. कारण आण्णांना ओठ वाचता यायचे. माग चालू असताना कारखान्यात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, तिथं माणसं तोंडाकडे बघून बोलतात. आई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. दोघांचं जमलं तेच मुळी असं, एका आवाजाशिवाय. लग्नानंतरही आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची, नुसते ओठ हलवायची आणि आण्णा उत्तर द्यायचे. आमच्या घरातलं भांडण गल्लीनं कधी ऐकलं नाही. एका बाजूनं आण्णांचं "बरं, बरं, कळलं," एवढंच बाहेर जायचं. आई पुण्याला गेली आणि आण्णांनी लोकांच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. कुणी बोलायला लागलं की यांची नजर जमिनीवर. मग माझ्यापुढे ओरडण्याशिवाय इलाज काय होता? सकाळी उठल्यापासून मी ओरडत असायची. ज्येष्ठमध चघळून, हळदीचं दूध पिऊन घसा कसाबसा चालवायची. चिपळूणला फोन केला की हेमंत म्हणायचा, "अगं, हळू बोल, मला ऐकू येतं."

अजित जोड घेऊन आला. सोबत दुकानातल्या पूजेचा पेढाही होता, तो त्यानं दारातच तोंडात टाकला.

"आता बघा, आण्णा," असं म्हणून त्यानं पिन सेटच्या भोकाला लावली आणि दाबली. ती गेली नाही. फिरवून दाबली. नखभर आत जाऊन अडली.

"बारीक आहे का भोक?" मी विचारलं.

"नाही गं, हेच माप आहे." अजितनं मोबाईलचा उजेड आत पाडला, एक डोळा मिटून बघितलं आणि खाली बसला. "ताई, हे बघ."

मी बघितलं. भोक काठोकाठ भरलेलं होतं. लाल, टणक, आणि त्यात मधेमधे तांदळाचे दाणे.

मग मला सगळं एकदम कळलं. आई! दर खंडेनवमीला आण्णा कारखान्यात मागांची पूजा करायचे आणि आई घरात. विळी, कात्री, इस्त्री, माझं जुनं मशीन, आण्णांच्या हत्यारांची पेटी, आणि शेवटी सेट. ती बोट ओल्या कुंकवात बुडवून प्रत्येकाला टिळा लावायची. बाकीच्यांना कुठंही लागला तरी चालायचा, पण सेटचा टिळा ठरलेला. एकदा मी विचारलं होतं, "तिथंच का गं?" तर म्हणाली, "कपाळ हाय त्याचं. बघ की, बरोबर मधी." आणि बोट त्या भोकात नीट दाबून वर अक्षता चिकटवायची. इतक्या वर्षांचे टिळे एकावर एक वाळून आत बसले होते.

अजितला आधी हसू आलं, मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "आता उकरायला पाहिजे," असं म्हणून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"थांब!" आण्णा ओरडले.

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वाकून त्यांचं त्यांनी बघितलं होतं.

"हात लावू नको. तिनं लावलंय ते."

"अहो आण्णा, पण पिन जात नाहीये," अजित म्हणाला. आण्णा जमिनीकडे बघत होते. अजितनं माझ्याकडे बघितलं. सांग ना, ताई.

मी आण्णांच्या कानाशी वाकले. "पिन जात नाही! ते काढायला पाहिजे!"

"यंदा पूजा न्हाई," आण्णा म्हणाले. "तिच्या हातचं एवढंच हाय. बाकी सगळं तुम्ही धुऊन काढलंसा."

खरं होतं ते. दिवस झाल्यावर मावश्या आल्या आणि त्यांनी सगळं घर धुऊन काढलं. तिची लुगडी वाटून टाकली, फणी फेकली. मीही हातभार लावला होता, लवकर आवरलं तर लवकर जायला मिळेल म्हणून.

अजित उठून खिडकीशी गेला. "मग राहू दे," तो बाहेर बघत म्हणाला. "पुण्याला मोठे स्पीकर मिळतात. दिवाळीला येताना घेऊन येतो."

दिवाळीला! हा उद्या बसमध्ये बसणार, आणि मी पुन्हा इथं, शिट्ट्या मोजत, कानाशी वाकत. दिवाळीला स्पीकर विसरेल, मग संक्रांतीला आणेल. मला त्याचा राग आला, आण्णांचा राग आला, आणि मेलेल्या आईचासुद्धा आला, की बाई, तुला टिळा लावायला दुसरी जागा सापडली नाही?

"आण्णा!" मी ओरडले. आवाज फाटला. "तिचं कुंकू ठेवायचं का तिचं बोलणं ऐकायचं? दोन्ही मिळायचं नाही! ठरवा!"

आण्णा चहाचा कप सरकवून गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात आईचा कुंकवाचा करंडा होता आणि दुसऱ्या हातात मागाच्या फणीतून दोरा ओढायचा पातळ हूक. करंडा त्यांनी कुठं लपवला होता देव जाणे, मावश्यांनी तो दिवसभर शोधला होता.

"उजेड धर," ते मला म्हणाले.

मी मोबाईल धरला. आण्णा सेटपुढे मांडी घालून बसले, करंडा उघडून भोकाखाली धरला आणि हूक आत घातला. घाई नाही, ओरबाडणं नाही. एक-एक खपली सोडवायची, करंड्यात पाडायची, फुंकर मारायची नाही. बाहेरची लाल ताजी होती, आतली काळपट. तांदळाचा दाणा आला की तोही करंड्यात. एक कणही त्यांनी खाली पडू दिला नाही. माझा हात भरून आला, तरी मी तो हलवला नाही. मधेच ते थांबले आणि पालथ्या मुठीनं डोळे पुसले, तेव्हा थोडं कुंकू त्यांच्या भुवईला लागलं.

करंडा भरत आल्यावर त्यांनी झाकण लावलं. "घाल आता," ते अजितला म्हणाले.

पिन आत गेली, पण सेट नुसता खरखरला. इतक्या वर्षांच्या कुंकवानं आतला पत्रा मळला होता. आण्णांनी अजितचा हात बाजूला केला, पिनेवर अंगठा ठेवून ती जरा खाली दाबली आणि खरखर थांबली. अंगठा काढला की पुन्हा सुरू. शेवटी ते तसेच बसले, पाठ बॉक्सला, हात मागं वळवलेला, अंगठा सेटच्या कपाळावर.

"फुल्ल कर," ते म्हणाले.

अजितनं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि डबीवरची कळ दाबली.

"बोल, आजी, सुरू झालंय," ऋतुजाचा आवाज सोपाभर घुमला. मग एक खोकला. मग आईचं हळूच, "ह्यात बोललेलं त्यास्नी ऐकू जाईल का गं?"

"जाईल."

आणि आई ओरडली, "अवोऽऽऽ!"

भांडी खणखणली. मी दचकून मागं सरकले. आईला इतकं मोठ्यानं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. डबीला काही तोंड नव्हतं, समोर उभं राहून ओठ हलवायची सोय नव्हती. म्हणून त्या आजारी बाईनं सगळा जीव घशात आणला होता.

"अवो, मी बोलतेय! जेवलासा का? ऐका! मी काय आता येत न्हाई वाटतं! जाताना म्हटलं हुतं घर सोडू नका! ते आता सोडा! मीच घातलेला शब्द, मीच काढून घेतला!"

गल्लीत माग बंद होते. समोर गिरिजाकाकूंचं दार उघडलं. पलीकडचं उघडलं.

"मालूला किती दिस अडकवून ठेवणार? तिला तिचं घर हाय! मी रोज फोनवर तिचा घसा ऐकते! माझ्यापरीस तिचा आवाज आजारी हाय! ती सांगायची न्हाई, बापावर गेलीय! तुम्ही जरा तिच्या तोंडाकडं बघा! बघितलंसा की कळंल तुमचं तुम्हाला!" इथं तिला दम लागला. बराच वेळ नुसता श्वास. मग जरा बारीक आवाजात, "आणि रेडिओ बारीक लावा. गल्ली झोपत आसंल." शेवटी, "झालं गं पोरी. कसं बंद करायचं हे?"

टक् असा आवाज झाला आणि सेट थांबला.

मी भिंतीला धरून उभी होते. फोनवर मी रोज सांगायची, मी बरी आहे, इथलं सगळं छान चाललंय. आणि ती रोज माझा घसा ऐकत होती.

"परत," आण्णा म्हणाले.

अजितनं परत लावलं. मग आणखी एकदा. तोवर आमच्या दारात बायका जमल्या होत्या. गिरिजाकाकू पदर तोंडाला लावून रडत होत्या. आण्णांना कुणी दिसत नव्हतं. डोळे मिटून, अंगठा दाबून, ते बॉक्सला टेकून बसले होते. तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी अंगठा काढला आणि सेट खरखरायला लागला, तो अजितनं बंद केला.

"आवाज तिचाच," आण्णा म्हणाले. "पण शब्द कळंनात. लई मोठ्यानं बोलतीय." आणि जमिनीकडे बघतच त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली गं?"

दारातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अजित डबीची वायर गुंडाळायला लागला. त्यानंही तीनदा ऐकलं होतं.

मी आण्णांच्या उजव्या कानाशी वाकले. "जेवलात का म्हणाली!"

"व्हय. आणि?"

"रेडिओ बारीक लावा म्हणाली!"

"ते म्हणणारच. आणि मधी?"

"घर सोडू नका म्हटलं होतं, ते सोडा म्हणाली! मीच घातलेला शब्द, मीच काढून घेतला म्हणाली!"

आण्णांनी मान हलवली. हलवत राहिले. मला वाटलं, एवढं पुरे. आता ते पुण्याला जातील आणि माझं आपोआप होईल, मला काही बोलायची गरज नाही.

"आणि?" आण्णा म्हणाले. "त्यापरीस लई बोललीय."

"सांग की गं पोरी," गिरिजाकाकू दारातून म्हणाल्या.

सात महिने मी आईचं आण्णांना आणि आण्णांचं आईला सांगत आले होते. त्यात माझं एक वाक्य नव्हतं. आता आईनंच ते घातलं होतं आणि मला ते उच्चारता येत नव्हतं.

"माझ्या..." मी म्हटलं, आणि घशातून नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. "माझ्या तोंडाकडे बघा म्हणाली!"

शेवटचा शब्द फुटला आणि आवाज गेला. गेला तो गेलाच. मी खाकरले, काही आलं नाही.

आण्णांनी मान वर केली. भुवईला कुंकू लागलेलं, डोळे लाल. संक्रांतीनंतर पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते. कपाळ, गालफडं, ओठ, सगळं एकेक करून बघत होते.

मी कानापासून उठले आणि त्यांच्यासमोर येऊन बसले, आई बसायची तशी. ओरडायला घसा शिल्लक नव्हता आणि मला ओरडायचंही नव्हतं. मी नुसते ओठ हलवले.

मला घरी जायचंय, आण्णा. मी फार दमलेय.

दारातल्या कुणाला काहीच ऐकू गेलं नाही. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" गिरिजाकाकू अजितला विचारत होत्या.

"जा की," आण्णा म्हणाले, आणि माझ्या तोंडावरून नजर न काढता म्हणाले, "वरीसभर ओरडतीस माझ्या कानात. हे एवढंच कसं कधी ओरडली न्हाईस?"